छत्रीची काडी आणि भावाचा आंबा

सकाळी उठलं की मी आधी परड्यात जाते. देवाला हात जोडायचे ते नंतर. आंब्याच्या खोडाभोवती एक फेरी मारायची, बुंध्याशी वाकून बघायचं, सालीवर कुठं ओला भुसा दिसतोय का, कुठं काळं पाणी ओघळलंय का. नसलं तर कंबर धरून सरळ व्हायचं आणि घरात यायचं. असलं तर वळचणीला खोचलेली छत्रीची काडी काढायची. हे मी इतकी वर्षं करते आहे, की त्यात आता हौस म्हणून काही उरलेली नाही. नुसता कंटाळा आहे. सून म्हणते, बस करा आता, गुडघे जातील. गुडघे कधीच गेलेत, पण ते तिला सांगायला मी जात नाही.

आंबा साधा रायवळ आहे. चांगलाच आंबट. लोणच्याला बरा. तरी गल्लीत सगळे त्याला माझ्या भावाचा आंबा म्हणतात, आणि मीही मान हलवते. त्यात खरं किती आणि खोटं किती, हे एकदा लिहून ठेवावं म्हणते. लहानपणी मुलींच्या शाळेत दोन वर्षं काढली होती, तेवढ्या अक्षरांवर जमेल तसं.

महाराज गादीवर बसून थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा मी लग्न होऊन कोल्हापुरात आले. माहेर गडमुडशिंगीचं. नवरा सरकारी पागेत नोकरीला. घोड्यांचं आजारपण, घोड्यांचं बाळंतपण, घोड्यांचा खुराक, यातून माणसांसाठी त्याच्याकडे फारसा वेळ उरत नसे. घर रंकाळ्याच्या बाजूला, गाव जिथं संपायचं तिथं. घर लहान आणि मागचं परडं लांबलचक. त्यात पेरू, लिंबू, शेवगा, सगळं सासूबाईंनी स्वतःच्या हातानं लावलेलं. सासूबाईंना मी आत्ती म्हणत असे. बाई जिभेची तिखट. शेजारीण सहज विचारायला आली तरी आत्तींचं उत्तर चार घरं ऐकायची. पण त्यांच्या पोटात काही राहत नसे, हे मला समजायला बरीच वर्षं लागली.

माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. गगनबावड्याच्या घाटानं कोकणात बैलगाडी हाकायचा. जाताना गूळ, येताना मीठ आणि नारळ. मिळेल तिथं खायचं आणि गाडीखाली झोपायचं, असलं आयुष्य. त्यात त्याला कुठून हौस आली कुणास ठाऊक, त्यानं एक जुनी छत्री विकत घेतली. बाकीचे गाडीवान घोंगड्याची खोळ घेऊन बसायचे आणि हा छत्री उघडून. आत्ती त्याला म्हणाल्या, "गाडीवानाला छत्री कशाला रं? बैल हसत्याली की." तो म्हणाला, "हसू देत. बैलास्नी तरी दुसरं काय सुख हाय." पहिल्याच खेपेला बावड्याच्या वाऱ्यानं छत्री उलटी झाली. पुढं नागपंचमीला मला माहेरी न्यायला आला, तेव्हा ती मोडकी छत्री आमच्या खुंटीला अडकवून गेला. "आक्का, सवडीनं दुरुस्त करून ठेव," म्हणाला. मला सवड झाली नाही.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्यानं आंब्याचं कलम आणलं होतं. कोकणातल्या कुठल्याशा बागेतलं, मडक्यात लावलेलं, गुडघ्याएवढं. गाडीच्या हादऱ्यानं कलमाचा जोड निखळेल म्हणून येताना सगळा घाट तो मडकं डोक्यावर घेऊन चढला. बैल गाडीसह पुढं आणि हा मागून चालतोय. मी विचारलं, कुठला आंबा रे? म्हणाला, "खाल्ल्यावर कळंल की. पहिला मला ठेव, मग सांगतो." खड्डा त्यानंच काढला. खाली रायवळाचं मूळ आणि खोड, वर चांगल्या आंब्याची फांदी, मधे दोन बोटं जाडीचा जोड. त्या जोडाला खुणेची चिंधी बांधून त्यानं मला बजावलं, की जोड मातीत पुरायचा नाही आणि जोडाच्या खालून कधी फूट आली तर ती लगेच मोडायची. "खालचं रायवळ असतंय आक्का. त्याला वाढू दिलं, तर वरचं उपाशी मरतंय." शिवाय पहिली तीन वर्षं मोहोर आला तरी खुडून टाकायचा, म्हणजे झाडाच्या अंगात बळ राहतं.

मी तसंच केलं. खालची फूट दिसली की मोडायची. मोहोर आला की खुडायचा. आलेला मोहोर हातानं खुडताना जीव कसा होतो, ते आंबा लावणाऱ्यालाच विचारावं. चौथ्या वर्षी मात्र मी मोहोर ठेवणार होते.

चौथ्या वर्षी प्लेग आला. गाव खाली करायची दवंडी पिटली, आणि आम्ही भांडीकुंडी घेऊन माळावर झोपड्यांत राहायला गेलो. नवरा घोड्यांबरोबर दुसरीकडे. माझा भाऊ त्या दिवसांत घाट सोडून लोकांचं सामान माळावर वाहायचा. एकदा तो आमच्या झोपडीकडे आला, पण जवळ आला नाही. बांधावरूनच ओरडला, "आक्का, आंब्याला पाणी घालून आलोय. मोहोर झकास हाय." म्हणजे तो बंद गावात, आमच्या बंद घराच्या परड्यात जाऊन आला होता. मी शिव्या दिल्या. तो हसला आणि गाडी वळवून गेला. पुढच्या आठवड्यात तो गेल्याचा निरोप आला. त्याला प्लेग परड्यात लागला की लोकांची अंथरुणं वाहताना, कोण सांगणार? मी याचा विचार करत नाही असं म्हणते. करतेच.

गावात परत आलो तेव्हा उन्हाळा अर्धा सरला होता. परडं वाळून कोळसा झालेलं. आंबा उभा होता, पण मोहोर गळून गेलेला. बुंध्याशी लाकडाच्या भुशाची एक ढिगुळी पडली होती. करवतीनं लाकूड कापल्यावर पडतो तसा भुसा. मला वाटलं उंदीर असतील.

आमच्या मागच्या आळीत एक म्हातारे बागवान राहायचे. लोकांच्या परड्यातली फळं विकत घेऊन बाजारात न्यायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. सगळे त्यांना चाचा म्हणत. फळांमुळं त्यांना गावातलं एकूण एक झाड ओळखीचं. त्यांनी भुसा चिमटीत घेतला, वास घेतला आणि म्हणाले, "भिरूड लागलंय पोरी." भिरूड म्हणजे खोडातला किडा. लांब मिशांचा एक करडा भुंगा सालीच्या भेगेत अंडं घालतो, त्यातून अळी निघते आणि सालीखालून खात खात लाकडात शिरते. बाहेरून झाड हिरवंगार. आत पोखरण चालू. सालीखालून तिनं एक पूर्ण वेढा घेतला, की झाडाचा गळा आवळल्यासारखं होतं आणि मग देव आला तरी काही करता येत नाही. हे सगळं चाचांनी मला बुंध्याशी बसवून दाखवलं.

"बारीक तार हाय का घरात? टोकाला वाकडी करायची," त्यांनी विचारलं. पागेतली तार होती ती जाड निघाली, भोकात जाईना. मग मला खुंटीवरची छत्री आठवली. मी घरात जाऊन तिची एक काडी उपसली. कापड टरटरा फाटलं. दुरुस्त करून ठेव म्हणाला होता आणि मी हे केलं. रडू आलं, पण चाचा बाहेर थांबले होते.

काडी भोकात घालायची, सावकाश फिरवत आत न्यायची. लाकूड लागतं तोवर टणक लागतं. किडा लागला की हाताला मऊ कळतं. मग पीळ देऊन ओढायचं. पहिला किडा निघाला तो माझ्या करंगळीएवढा, पिवळट पांढरा, डोकं तेवढं तांबडं. मी तो कोंबड्यांना टाकला. नंतर भोकात घासलेटात भिजवलेला कापसाचा बोळा कोंबायचा आणि वरून शेणमातीनं लिंपायचं. पावसाच्या आधी बुंध्याला हातभर उंचीपर्यंत चुना. आणि हे एकदा करून भागत नाही, रोज बघायचं. "किड्याला सुट्टी नसती," चाचा म्हणाले, "त्यामुळं आपल्यालाबी न्हाय."

दोन वर्षं मी सुट्टी घेतली नाही. रोज सकाळी फेरी, आठवड्यातून दोनदा तरी काडी. हाताला घासलेटाचा वास कायमचा बसला. आत्ती भाकरी तोडून हुंगायच्या आणि म्हणायच्या, "आज भाकरीला चूल लागली न्हाय वाटतं, तशीच पेटली असंल." मोहोर आला तरी चाचा म्हणायचे, आजारी झाडाला फळाचं ओझं नको, खूड. मी खुडायची. भाऊ गेला होता, त्याच्या आंब्याची चव अजून कुणाला माहीत नव्हती, आणि मी दरवर्षी ती स्वतःच्या हातानं खुडून टाकत होते. मला एकच पाहिजे होतं, एकदा तो आंबा खायचा. कुठला आहे ते कळायचं. तो सांगायला नव्हता, तर आंब्यानं तरी सांगावं.

मग ती नागपंचमी आली. आमच्याकडं पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावाचा उपवास करतात. पंचमीला नागोबा पुजायचा, तोही भाऊच. त्या दिवशी काही चिरायचं नाही, खणायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, कुठल्या भोकात, बिळात लोखंड घालायचं नाही. उकडलेली दिंडं खायची आणि झिम्मा खेळायचा. मला माहेरी न्यायला आता कुणी येणार नव्हतं. मी उपवास केला. पंचमीच्या सकाळी सवयीनं झाडाकडे गेले, तर जोडाच्या अगदी वर ताजा ओला भुसा. एका जागी नाही, तीन जागी.

मी चाचांना हाक मारली. ते कुंपणापाशी आले आणि तिथंच थांबले. "आज तुमचा सण पोरी. आज मी लोखंड लावत न्हाय. उद्या बघू." त्यांनी इतकी वर्षं आमच्यात काढलेली. आमचे सण ते आमच्यापेक्षा जपून पाळायचे.

आत्ती मात्र पूजेचं ताट बाजूला ठेवून परड्यात आल्या. भुसा बघून म्हणाल्या, "मग काढ की त्यो किडा. बघत काय बसलीयास?"

"आत्ती, पंचमी हाय आज."

"पंचमी नागाची. ह्या भोकात काय नाग बसलाय व्हय?"

"आज भावाचा सण हाय. त्याच्याच झाडात मी लोखंड घालू?"

आत्ती वळून घरात गेल्या.

इथवर कुणीही म्हणेल, बिचारी, भावाच्या मायेनं चुकली. मीही पुष्कळ वर्षं असंच सांगितलं. पण खरं सांगायचं तर त्या सकाळी घरात परत येताना मला हलकं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा वाकायचं नव्हतं, भोकं धुंडाळायची नव्हती, हाताला घासलेट लागणार नव्हतं. दुपारी मी भिंतीशी पाठ टेकून जी झोपले, ती दिवेलागणीला उठले. भाऊ गेल्यापासून अशी झोप लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी काडी घ्यायला हवी होती. चाचा पेरूच्या बागा बघायला गारगोटीला गेले होते. ते आल्यावर बघू, म्हटलं. मग श्रावणी सोमवार आला. सोमवारी जीव मारायचा नाही. कुणी सांगितलं होतं मला तसं? कुणीच नाही. मग नारळी पौर्णिमा, पुन्हा भावाचीच. पाऊस लागून राहिला, पावसात लिंपण टिकत नाही. मग गोकुळाष्टमी. श्रावणात काय, कंटाळलेल्या माणसाला सणांची वाण नाही. रोज सकाळी मी दारापर्यंत जायची, लांबून हिरवी पानं बघायची आणि म्हणायची, आहे की चांगलं.

गौरीच्या वेळी पानं एका अंगानं पिवळी पडली. तेव्हा मी चाचांना आणलं. त्यांनी सुरीच्या टोकानं जोडाच्या वरची साल उचलली, तर ती सुटी निघाली, भिजलेल्या कागदासारखी. खाली भुसाच भुसा. सुरी फिरवत ते बुंध्याभोवती गेले आणि निघाले तिथं परत आले. वेढा पुरा झाला होता. ते खाली बसले. "एक दिवस थांब म्हणलो होतो मी," एवढंच बोलले. मी काही सांगितलं नाही. त्यांना वाटत होतं, चूक त्यांची. ते वाटणं मी तसंच राहू दिलं, आणि आज ते नाहीत.

दिवाळी झाल्यावर झाड तोडलं. चाचांनी जोडाच्या खाली करवत लावली, वीतभर खुंट ठेवला. "लाकूड जाळा, ठेवू नका. आत किडं असत्याल, दुसऱ्या झाडांस्नी लागत्याल." ते लाकूड न्हाणीच्या चुलीत मीच घातलं. ओलं होतं, धूर फार झाला. आत्ती मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

चैत्रात खुंटाला फूट आली. तांबूस, तुळतुळीत, दोन पानांची. मी खुंटाशी वाकले आणि माझा हात आपोआप पुढं गेला. जोडाच्या खालची फूट मोडायची, इतकी वर्षं हेच केलं होतं, त्यानंच सांगितलं होतं. बोटांत धरली आणि मग लक्षात आलं, की आता वरचं काही नाहीच. कुणाला उपाशी ठेवणार ही? तरी मी ती मोडणार होते. ते त्याचं झाड नव्हतं. कुठलातरी रायवळ. त्याच्या जागी दुसरं काही उभं राहिलेलं मला बघवणार नव्हतं.

आत्ती शेवग्याच्या शेंगा काढत होत्या. तिथूनच ओरडल्या, "काय करतीयास गं?"

"जोडाच्या खालनं आलंय, आत्ती. रायवळ हाय. त्याचं न्हाय हे."

आत्ती काठी टाकून आल्या. माझा हात मनगटाला धरून बाजूला केला. "घाट चढला त्यो डोक्यावर मडकं घेऊन," त्या म्हणाल्या. "त्यानं काय नुसता शेंडा आणलाता व्हय? मूळबी त्यानंच आणलं की."

मी तिथंच मातीत बसून रडले. तो गेल्याचा निरोप आला तेव्हाही अशी रडले नव्हते. आत्ती परत शेंगा काढायला गेल्या.

पुढच्या नागपंचमीला मी पूजेची तयारी करत होते, तर आत्तींनी वळचणीची काडी आणून माझ्या पुढ्यात ठेवली. "आधी तिकडं जाऊन ये," म्हणाल्या, "नागोबा थांबतोय." मी गेले. त्या वर्षापासून एकही पंचमी चुकवलेली नाही. आत्ती जाऊनही आता किती वर्षं झाली.

त्या फुटीचं झाड झालं, त्याला आंबे लागले. पहिला आंबा मी त्याच्या नावानं काढून ठेवला, दुसरा खाल्ला. दात आंबले. भावानं आणलेला आंबा कुठला होता, ते मला कधीच कळणार नाही. त्याला ते सांगायचं होतं, आणि ते मी घालवलं, नागोबानं नव्हे.

काडी आता गंजून अर्धी राहिली आहे. गुडघे दुखतात, आणि भिरूड काही संपत नाही. आज सकाळी पुन्हा भुसा दिसला. वाकायचा फार कंटाळा आला, तसा रोजच येतो. आता त्याला मी सणाचं नाव देत नाही. कंटाळा म्हणते, आणि वाकते.